ड्रॉवरमधले तीन फोन

जरीपटका, नागपूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दामिनी,

कशी आहेस वं? मामा कसे आहेत? मागच्या आठवड्यात इंदुताईसंगं त्याईच्या गुडघ्याले लावायचं तेल पाठवलं होतं, ते भेटलं का नाही तेवढं कळव. इंदुताई पिशवी कोठी ठेवीन आणि कोठी विसरीन याचा भरवसा नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुहे जिजाजी ड्युटीवर, मी सेंटरवर. सकाळी साडेसहाले शटर उघडते, उपाशीपोटी रक्त देणारे येऊन पायरीवर बसलेलेच असतात, अकरा वाजेपर्यंत मान वर करायले फुरसत नाही. आज रविवार म्हणून गर्दी कमी आहे.

हसू नको पत्र पाहून. तू दोनदा फोनवर विचारलं, तीन व्हॉइस मेसेज टाकले, आणि मी "सांगते, सांगते" करत महिना काढला. मोबाइलवर लिहायले बसली की मी वाचते आणि पुसून टाकते. दोनदा पुसलं. कागदावर लिहिलेलं फाडावं लागते, आणि फाडायचा मले कंटाळा आहे. म्हणून सेंटरच्या रजिस्टरचीच पानं काढून लिहून राहिली.

तर तुहा सवाल. पार्टनर प्रोग्राममध्ये पैसा कसा वाटला जाते.

सोपं आहे. तू डीएमएलटी केलेली, चार वर्षं डॉक्टरच्या लॅबमध्ये काम केलेली, तुले रक्त काढायचं मी काय शिकवू? पेशंट आपल्याकडे येते. आपण रक्त काढतो, नळीले बारकोड लावतो, बर्फाच्या डब्यात ठेवतो, कंपनीचा माणूस येऊन नेते. मशीन त्याईची, सही त्याईची, रिपोर्टवर नाव त्याईचं. भाडं, सुया, लाइटबिल आणि शिव्या आपल्या. हजार रुपयाचं बिल झालं तं तीनशे आपले, सातशे कंपनीचे. हे महिन्याले दोनशे पेशंटच्या आत असलं तं. दोनशेच्या वर गेली की शंभरातले पस्तीस. तीनशे झाले की चाळीस. याले स्लॅब म्हणतात.

आता नीट ऐक, कारण तू लहानपणापासून हिशेबाले कच्ची. तीनशेवा पेशंट आला की ते चाळीस टक्के त्या एकट्याले नाही लागत, एक तारखेपासूनच्या सगळ्याईले लागतात. म्हणजे महिनाअखेरीले तू दोनशे नव्व्याण्णववर राहिली, तं एका माणसापायी नऊ-दहा हजार गेले. म्हणून महिन्याचे शेवटचे तीन दिवस कोणताच पार्टनर घरी बसून जेवत नाही. कोणी सोसायटीत कॅम्प लावते, कोणी सासऱ्याचं थायरॉइड तपासते. मी तुह्या जिजाजीचं व्हिटॅमिन तीन महिन्यात तीनदा तपासलं. ते म्हणे, माहं रक्त काढून काढून तू श्रीमंत होशीन आणि मी आडवा होईन.

कंपनीचा वाटा आधी कापला जाते. त्यासाठी वॉलेट असते, त्याच्यात पैसे टाकून ठेवा लागते. वॉलेट रिकामं झालं की बारकोड चालत नाही, आणि मंग त्याईच्या ऑफिसातून फोनवर फोन येतात. डिस्काउंट दिला तं आपल्या वाट्यातून. पेशंट भांडला आणि पैसे परत केले तं तेही आपल्याच वाट्यातून.

आणखी एक वाटा आहे. तू जो फॉर्म मले पाठवला त्याच्या तिसऱ्या पानावर "कोणामार्फत" म्हणून रकाना आहे. तिथी माहा कोड टाकला की तुह्या धंद्याचे तीन टक्के दोन वर्षं मले भेटतात. तुह्या खिशातून नाही, कंपनीच्या वाट्यातून. रोहित म्हणून आमचा एरिया मॅनेजर आहे, तो आठवड्यातून दोनदा फोन करते, "मॅडम, सिस्टर का फॉर्म कब आएगा?" वीस तारखेपर्यंत डिपॉझिट अर्धं आहे, दिवाळीचं म्हणून. हे तुले त्यानं सांगतलंच असन.

दिवाळीचं म्हणशीन तं मामाचा निरोप भेटला. या वर्षी सण नाही, फराळ नाही, पण तू ये, घर खायले उठते, असं ते म्हणाले ना? मले जमणार नाही असं वाटते. सेंटर बंद ठेवता येत नाही. दिवाळीच्या आधी सगळ्याईले शुगर तपासायची असते आणि दिवाळीच्या नंतर तपासायची हिंमत नसते.

पेशंट आला. उरलेलं मंग लिहिते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रविवारी इथवर लिहिलं आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. उरलेलं म्हणजे काही नव्हतं. "मामाले नमस्कार" लिहिलं असतं तरी चाललं असतं.

पण काल तुहा मेसेज आला. मामा एफडी मोडायले हो म्हणाले, मामीच्या नावाची. तू लिहिलं, "आईचं रक्त शेवटचं तूच काढलं होतं ताई, आता तेच काम मी करीन, तिले बरं वाटलं असतं." खाली हात जोडलेले.

मी तो मेसेज वाचला आणि एका बाईचं बिल बनवलं. मंग पुन्हा वाचला आणि डबा उघडून जेवली. भाजीत मीठ नव्हतं हे तुहे जिजाजी घरी आल्यावर म्हणाले, तेव्हा मले कळलं. माहं असंच चालू आहे वं. मामी गेली तेव्हापासून मी एकदाही रडली नाही. तुमच्या दारात रडली नाही, तेरवीले रडली नाही. बाया म्हणत असतील, दहा वर्षं खाल्लं-प्यालं या घरचं, आणि डोळ्याले पाणी नाही पोरीच्या. आठवीत होती मी, माही आई गेली तेव्हा. मामीनं मले पारशिवनीले आणलं आणि तुह्याच बाजूले चटई टाकली. दोघींच्या वेण्या एकाच फणीनं. तुह्या उवा माह्या डोक्यात आल्या तं मामी म्हणे, आता झाल्या दोघी सख्ख्या. मले सगळं आठवते. पण आठवून काही होत नाही. हात-पाय चालतात, तोंड बोलते, बस.

पैशाच्या वाटणीतलं एक मी रविवारी तुले सांगतलं नाही. ते कुठल्याच फॉर्मवर नाही.

पेशंट कोणाचा, हे कंपनी मोबाइल नंबरावरून ठरवते. तुह्या कोडवर एखादा नंबर पयल्यांदा टाकला की एक वर्ष तो तुहा. पण त्या पेशंटनं आपल्या फोनवरून ॲप उघडून स्वतः तपासणी बुक केली, तं तो "डायरेक्ट" झाला. माणूस त्याईचा घरी जाऊन रक्त नेते, तुले एक रुपया नाही. आणि ॲपवर पंधरा टक्के सूट असते. पेशंटचा खरा नंबर टाकला की दुसऱ्या दिवसापासून कंपनी त्याले मेसेज करते, "ॲपवरून बुक करा, सूट मिळवा." आपण गल्लीतून पेशंट जमवायचे आणि कंपनीनं त्याले बोट धरून घेऊन जायचं. पयल्या वर्षी माहे ऐंशी पेशंट असे गेले.

मंग सगळे पार्टनर जे करतात ते मी केलं. पेशंटच्या नंबरच्या जागी आपला नंबर. एका नंबरावर दिवसाले दहा नावं चालतात, कंपनी समजते एकाच घरची माणसं आहेत. मी तीन साधे हँडसेट घेतले, तीन सिमकार्ड. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून. दिवसभर त्याच्यावर ओटीपी, रिपोर्ट, जाहिराती, किर्रर्र किर्रर्र. डोकं उठत होतं म्हणून बंद. रिपोर्ट त्याच्यावर आला की मी प्रिंट काढते आणि संध्याकाळी पेशंटले देते. रोहितले सगळं माहीत आहे. कंपनीत विचारलं तं तो नाही म्हणन, पण माह्या ड्रॉवरकडे पाहून हसते, "मॅडम, अपना नंबर संभालके रखना."

तीस ऑगस्टले शनिवार होता. मामी पयल्या गाडीनं आली, उपाशीपोटी, कारण तुह्या डॉक्टरनं किडनीचं आणि क्षाराचं तपासायले लिहून दिलं होतं, आणि ते त्याच्या लॅबमध्ये होत नाही. पायावर सूज होती, पायात जोर नाही म्हणे, जिना चढताना कठड्याले धरून चढली. पण तोंड चालूच. रविवारी महालक्ष्म्या बसायच्या होत्या ना. पिशवीत तीन पानी यादी. "तुह्या इथी जरीपटक्यात काठ स्वस्त भेटतात, दोघीईच्या साड्याईले लावायचे आहेत, मागच्या साली धाकटीच्या साडीले तू किती बारका काठ आणला होता वं, ती वर्षभर रुसून बसली असन." मी डाव्या हातातून रक्त काढलं. मामीनं पाहिलं बी नाही. म्हणे, "तुहा हात हलका आहे, दामिनीचा जड आहे, तिले सांगू नको."

तुले आता सांगतलं.

मंग तिनं पोळी आणि आंबाडीची भाजी खाल्ली, काठ आणले, माह्या टेबलावर पसरून दाखवले. हिरवा मोठीले, जांभळा धाकटीले. "सोमवारी जेवायले ये, आंबील तुह्यासाठी वेगळी काढून ठेवीन, सोळा भाज्याईतली एक बी सोडायची नाही." एकच्या गाडीनं गेली.

तिचं नाव मी कॉम्प्युटरमध्ये टाकलं. जिजाबाई रुपराव, वय एकसष्ट. मोबाइल नंबर. दामिनी, तुहा नंबर मले पाठ आहे. मामाचा पाठ आहे. तुमच्या घरच्या जुन्या लँडलाइनचा बी पाठ आहे, जो आता नाही. पण हात सवयीनं गेला. दुसऱ्या हँडसेटचा नंबर टाकला. त्या दिवशी त्या नंबरावर ती तिसरी होती. एक नमकीनच्या दुकानवाला, एक पोलिसाची बायको, आणि मामी. कंपनीच्या लेखी एका घरची.

महिन्याची ती दोनशे एकोणऐंशीवी.

दुपारी मी नारा रोडवरच्या एका सोसायटीत कॅम्प लावला होता. एकतीस तारखेले रविवार, आणि रविवारची नावं कंपनी सोमवारच्या तारखेले धरते, म्हणून जे काही होईन ते शनिवारीच. मले तीनशे पायजे होते.

लॅबनं मामीचं रक्त लावलं. पोटॅशियम सात पॉइंट दोन आलं, एवढ्यानं काळीज बंद पडू शकते हे तुले सांगायले नको. त्याईनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मंग तिथल्या डॉक्टरनं नोंदवलेल्या नंबरवर फोन केला. तीन वाजून दहा मिनिटं, तीन पंचवीस, चार पाच. ड्रॉवरमध्ये, आवाज बंद. मी कॅम्पात होती. मले दिसलंच नाही.

तू मले दारातच विचारलं होतं, मामीले अजून नेलं नव्हतं, "ताई, रिपोर्ट आला का?" आणि मी म्हटलं होतं, सँपल खराब झालं, पुन्हा काढावं लागलं असतं. सँपल खराब नव्हतं झालं. रिपोर्ट होता.

आज इथंच थांबते. बोटं दुखून राहिली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल लिहिलं ते सकाळी पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, एक वाक्य सोडून.

"मले दिसलंच नाही" हे खरं नाही.

त्या शनिवारी मी साडेसातले कॅम्पातून आली. एकोणीस जणाईचं रक्त, एकोणीस नावं टाकायची. प्रत्येक नाव टाकताना ओटीपी येते, तो पाहायले हँडसेट हातात घ्यावाच लागते. दुसरा हँडसेट घेतला तं त्याच्यावर तीन मिस कॉल होते, लॅबच्या लँडलाइनचे. मी पाहिले, दामिनी. चांगले पाहिले. सेंटरच्या वॉलेटले बी मी तोच नंबर दिला होता, म्हणून मले वाटलं वॉलेटचं असन, पैसे टाका म्हणत असतील. वॉलेटमध्ये त्या दिवशी थोडेच होते. म्हटलं, आधी नावं टाकून घेऊ, त्याईले फोन केला आणि त्याईनं वॉलेट अडवलं तं एकोणीस नावं उद्यावर जातील, उद्या रविवार. खाली एक रिपोर्ट आलेला होता, त्याच्यावर लाल खूण होती. तो बी पाहिला. कोणाचा ते नाही पाहिलं. त्याच्यावर बोट ठेवलं असतं तं नाव दिसलं असतं.

मी ओटीपी पाहून राहिली होती.

साडेआठले, सकाळी मामीच्या मागून आलेले पाच धरून, कॉम्प्युटरवर तीनशे तीन आकडा आला. मी रोहितले फोटो पाठवला. त्यानं टाळ्या पाठवल्या. येताना मी तुह्या जिजाजीसाठी समोसे घेतले.

सकाळी साडेसहाले शटर उघडून राहिली होती तं तू फोन केला, माह्या स्वतःच्या फोनवर. तो नेहमी माह्याजवळ असते, त्याचा आवाज नेहमी मोठा असते. लॅबजवळ तो नंबर नव्हता. तू म्हणाली, "ताई, आई मोठीले हिरव्या काठाची साडी नेसवून राहिली होती, खाली बसली आणि मंग पडलीच." मी म्हटलं, येते. मंग शटर अर्धं वर तसंच ठेवून मी ड्रॉवर उघडला आणि दुसऱ्या हँडसेटवर मामीचं नाव शोधलं. गाडीत बसली तेव्हा मले सगळं माहीत होतं. तुमच्या दारात उतरली तेव्हा माहीत होतं. तू गळ्यात पडली तेव्हा माहीत होतं. लोक म्हणत होते, हार्ट अटॅक, हाल न होता गेली, पुण्यवान. मी मान हलवली.

आमच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर आहेत. त्याईले मी नाव न घेता विचारलं, एवढं पोटॅशियम आहे आणि संध्याकाळी साडेसातले घरच्याईले कळलं, गाव दीड तासावर, तं? ते म्हणे, लगेच मोठ्या दवाखान्यात आणलं असतं तं बहुतेक वाचली असती, नक्की कोणी सांगू शकत नाही. ते "बहुतेक" घेऊन मी घरी आली. दीड महिना झाला, तेवढंच आहे माह्याजवळ.

आणि त्या नंबरच्या जागी तुहा नंबर असता तं? तीन वाजून दहा मिनिटाले फोन तुले आला असता. तुले कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सात पॉइंट दोन ऐकल्याबरोबर तू मामीले गाडीत टाकलं असतं, अंगातला गाऊन बी बदलू दिला नसता. हे मी दिवसातून कितीदा तरी करून पाहते. दरवेळी तू पोचते.

आणखी सांगायचं राहिलं ते सांगूनच टाकते, म्हणजे मंग काही उरणार नाही. पाच सप्टेंबरले चाळीस टक्क्यानं वाटा जमा झाला. तेरवीच्या आदल्या दिवशी मी मामाच्या हातात दहा हजार कोंबले होते, ते नको नको म्हणत होते आणि मी म्हटलं, पोरीचे समजून घ्या. ते त्याच स्लॅबचे होते. मामाले वाटते भाचीनं आपल्या कमाईतून दिले. कमाईच होती म्हणा.

तेरवीनंतर चार दिवस मी तेच तीन नंबर टाकत होती. हे वाचून तुले माहा राग येईन, येऊ दे. मले वाटलं होतं माणूस लगेच बदलत असन. नाही बदलत. पाचव्या दिवशी एक म्हातारी आली, खापा गावची, पोराकडे आलेली. मी नाव टाकलं, नंबराच्या जागी हात थांबला. तिले विचारलं, माय, पोराचा नंबर सांग. तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. तेव्हापासून सगळ्याईचे खरे नंबर टाकते. सप्टेंबर अखेर दोनशेच्या खाली आली. या महिन्यात दीडशे झाले तं खूप. रोहित येऊन गेला, म्हणे, मॅडम तबियत ठीक नहीं है क्या. भाडं निघते, हातात फार राहत नाही. मले त्याचं काही वाटत नाही. चांगलं बी वाटत नाही.

आणि तुहा पयला मेसेज आला होता ना, सप्टेंबरात, "ताई मले बी सेंटर घ्यायचं आहे, समजावून सांग", तो वाचून माह्या मनात पयली गोष्ट आली ती तीन टक्के. मामी जाऊन वीस दिवस झाले नव्हते. मी खोटं सांगून तुह्या पाठीवर हात फिरवला असता, तुह्या सेंटरचं शटर तुह्यासंगं वर केलं असतं, आणि दर महिन्याच्या पाच तारखेले माह्या खात्यात तुहा वाटा आला असता. आणि तू मले ताई म्हटलं असतं.

म्हणून फॉर्म परत पाठवून राहिली. "कोणामार्फत"ची जागा कोरी ठेवली आहे. तिथी आडवी रेघ मार, नाही तं रोहित स्वतःच माहा कोड टाकून देईन. सेंटर घ्यायचं तं घे, दामिनी. काम वाईट नाही. पारशिवनीच्या लोकाईले रक्त तपासायले नागपूरले यायची पाळी येऊ नये, तुहं हे म्हणणं बरोबर आहे. नको वाटलं तं एफडी राहू दे. मी हो बी म्हणत नाही आणि नको बी म्हणत नाही, मले तो हक्क राहिला नाही. फक्त घेतलं तं पेशंटले त्याचा नंबर विचारजो. नसला तं पोराचा, शेजाऱ्याचा, दुकानदाराचा. डायरेक्ट गेला तं जाऊ दे.

मामीचा रिपोर्ट सोबत ठेवला आहे. दोन पानं. पयल्या पानावर आकडे आहेत, ते तू वाचशीनच. दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, कधी कधी फोन केले ते, आणि "प्रतिसाद नाही". त्याच्या वर तिच्या नावाखाली मोबाइल नंबर छापला आहे. तो तुह्या ओळखीचा नाही. तो माहा आहे.

मामाले हे वाचून दाखवायचं का नाही, ते मी तुह्यावर टाकून राहिली. हेही चुकीचंच आहे, माहं ओझं तुह्या डोक्यावर, पण त्याईच्या समोर बसून सांगायची माही छाती नाही. ते काय करतील, मले माहीत आहे. उठून आत जातील आणि मले पाणी आणून देतील. ते मले सहन होणार नाही. तू सांगतलं आणि त्याईनं सांगतलं की ये, तं मी दिवाळीले येईन. जे बोलायचं ते माह्या तोंडावर बोला, मारायचं तं मारा. ये म्हटलं नाही, तं नाही येणार. माहेर म्हणून माह्याजवळ तेवढंच एक दार आहे, ते तुले माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही.

कळवायचं असलं तं कोणत्याही नंबरावर कळव. दोन सिमकार्ड मी बंद केले. मामीच्या नावाखालचं तेवढं चालू ठेवलं आहे. तो हँडसेट आता ड्रॉवरमध्ये नसते, टेबलावर असते, आवाज पुरा वर करून. जाहिरातीचा मेसेज वाजला तरी पेशंट दचकतात. फोन आला तं मी पयल्या रिंगले उचलीन.

अजून कोणी केला नाही.

तू म्हणशीन तोवरच तुही ताई,
दीपमाला